पर्किनची सोबत

यॉर्कशरच्या माळावर शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्याने आपला कुत्रा आमच्या हवाली केला. "पर्किनला न्या हो, कुत्रा सोबत असला की गावातल्या पबात शेकोटीजवळ जागा मिळते." "काय देवमाणूस आहे!" म्हणत मी आणि नवरा चिखल तुडवत, मेंढ्यांची कुंपणं ओलांडत पबात पोचलो. शेकोटी मिळाली, पण भटारखाना बंद होता. नुसत्या बिअरवर भागवलं. निघताना मालकीणबाईंनी पर्किनच्या पट्ट्यातली चिठ्ठी वाचली आणि राखून ठेवलेला गरम, खुसखुशीत सॉसेज रोल कागदात गुंडाळून मला दिला. "म्हातारबुवांना द्या. पूर्वी पर्किन एकटाच न्यायला यायचा, पण वाटेतच फस्त करायचा. म्हणून हल्ली सोबत माणसं पाठवतात." परतल्यावर म्हाताऱ्याने रिकामा कागद झटकून पाहिला. "पर्किननेच खाल्ला!" आम्ही एका सुरात म्हणालो. नवऱ्याच्या मिशीतला चुरा निरखत म्हातारा कुत्र्याला म्हणाला, "उद्यापासून तू एकटाच जात जा, बाबा."