खालची ओळ

बोर्डवाला गाडीवरून शिडी उतरवत होता, तेवढ्यात ती बाई आलीच. सलग चौथा दिवस.

"दादा, ती खालची ओळ आज होईल ना?"

"बघतो, ताई."

बघतो म्हणजे नाही, हे एव्हाना तिलाही कळलं असणार. पण त्यानं तरी काय काय बघायचं? गावभर असे एकोणीस बोर्ड आणि गुडघे दोनच, तेही कुरकुरणारे. जीव नुसता विटून गेला होता.

बोर्ड दुमजली घराएवढा, आडव्या पट्ट्या जोडून केलेला. आत दिवा नाही, काही नाही. उन्हातच कागदासारखा स्वच्छ दिसायचा. एकदा चित्र उमटलं की वीज गेली तरी जागचं हलायचं नाही. कंपनीला त्याचं केवढं कौतुक! बोर्डवाल्याला मात्र तोच ताप. एखादी पट्टी बिघडली की तिच्यावर जुनंच चित्र ठाण मांडून बसायचं. आताही तेच झालं होतं. वर एका माणसाचा हसरा फोटो, 'यांना पाहिलंत का?' आणि फोन नंबर. तळाच्या पट्टीवर मात्र गेल्या महिन्यातल्या साबणाच्या जाहिरातीतला फेस.

फोटो बाईच्या नवऱ्याचा. तिनं पत्त्यासकट लिहून दिलेली तक्रारीची चिठ्ठी चार दिवस बोर्डवाल्याच्या खिशातच होती. फोटो आहे, नंबर आहे, एका ओळीवाचून काय अडलंय, असं तो आज बोलूनही गेला.

"तीच ओळ महत्त्वाची आहे, दादा," ती म्हणाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत पाहत निघून गेली. नवऱ्याला शोधत असणार बिचारी. शिडी तिथेच ठेवून बोर्डवाला स्टोअरकडे निघाला.

नवी पट्टी घेऊन परतला, तर बोर्डाखाली एक माणूस मान वर करून उभा. फोटोतल्यापेक्षा वाळलेला, पण तोच.

"हा मीच," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. रागाच्या भरात घर सोडलं, परत गेलो तर तिनं घर बदललेलं, वर्षभर वणवण चाललीय, असं सांगत राहिला. फोन लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाला. फोनवर ती नुसती रडेल; त्यापेक्षा एकदम दारातच उभा राहतो.

बोर्डवाल्यानं खिशातली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. रिक्षाही त्यानंच थांबवून दिली.

कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आता खरं तर त्या ओळीची गरजच उरली नव्हती. पण पट्टी हातात होती, आणि आज शिडी चढायचा कंटाळाही येईना. त्यानं जुनी पट्टी काढली, नवी बसवली, वायर जोडली, आणि खाली उतरून दोन पावलं मागे सरकला.

फेस हळूहळू विरत गेला. अक्षरं उमटू लागली.

'दिसल्यास मला लगेच कळवा. यांना माझा पत्ता देऊ नका.'