रुपरावचा सिनेमा

पडद्यावर रुपराव हसला. रुख्माबाईनं घाबरून शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता. तेच तोंड, पुढचा तोच अर्धा दात. एक भिंतीएवढा, दुसरा हातभर अंतरावर.

लकडगंजकडच्या एका जुन्या टॉकीजमधला दुपारचा खेळ. माणसं मोजून सात, त्यातली दोन नुसती कूलरच्या हवेसाठी आलेली. सिनेमा इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलेल्या चार पोरांनी मौद्याकडे केला होता. त्यांना सैतान पाहिजे होता, पण शिंगांचा नको, रंगवलेला नको. शेजारच्या घरात राहील असा पाहिजे होता. उमरेडच्या बसमध्ये त्यांना रुपराव दिसला. जन्मभर हातमागावर बसून पाठीत वाकलेला, कंडक्टरलाही 'बापू' म्हणणारा. पोरांनी त्याला तिथंच पक्का केला. सिनेमा चांगला झाला होता, उगाच कशाला नाही म्हणा. पण चांगल्या सिनेमाला विचारतो कोण? एक आठवडा, रोज एक खेळ, आणि उद्या तोही उतरणार होता.

गोष्ट साधी होती. एका गावात एक म्हातारा येतो. कुणाचं लेकरू झोपवतो, कुणाची चूल पेटवून देतो. मग एखाद्या दारात उभा राहून मूठभर काहीतरी पुढे करतो. बोरं, फुटाणे, तांब्याभर पाणी. त्याच्या हातचं ज्यानं तोंडात घातलं, तो जागच्या जागी निजतो आणि पुन्हा उठत नाही. गावाला पत्ता लागत नाही, कारण मयताला सगळ्यांत आधी धावून येतो तो हाच.

कूलरच्या वाळ्याच्या ओल्या वासात रुख्माबाईचा डोळा लागत होता, उघडत होता. डोळा लागला की रुपराव घरी मागावर बसलेला दिसे. उघडला की तो पडद्यावर एका निजलेल्या पोरीच्या उशाशी बसलेला. त्यानं बोटं जिभेला लावून ओली केली आणि पोरीच्या कपाळावरची बट दोन बोटांत धरून पिळली. तुटलेला धागा तो असाच सांधायचा. बोटं ओली करून, दोन टोकं जुळवून, धाग्यालाही कळू नये इतकं हळू. लग्न झाल्यावर नवऱ्यातलं रुख्माबाईला पहिल्यांदा काही आवडलं असेल, तर ते हेच. आज तेच पाहून तिनं डोळे मिटून घेतले.

आपण झोपलोय की जागे आहोत, हे तिला सांगता आलं नसतं. पडद्यावर तो आता दुसऱ्या दारात उभा होता, तळहातावर गुळाचा खडा. आतली बाई पदराला हात पुसत उठली. रुख्माबाईही उठली.

"नको घेऊ वं बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "माणूस नाही तो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. रुपरावनं तिच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं. त्याचा हात नेहमीसारखाच मऊ होता, आणि तेच तिला सहन होईना. पडद्यावरच्या बाईनं गूळ घेतलाच.

रुपराव रागावला नव्हता, उलट फुलून गेला होता. आठवडाभर त्याचं काम पाहायला घरचं कुणी आलं नव्हतं. मुलगा भूपेश मिहानमधल्या कंपनीत, त्याला सुट्टी नव्हती. सुनेनं तर साफ सांगितलं होतं की असलं काम पाहायला आपण येणार नाही आणि लेकरालाही पाठवणार नाही. राहिली होती ती एकटी बायको. ती काय म्हणते, त्यावरच त्याचं सगळं येऊन ठेपलं होतं.

बाहेर ऊन इतकं पांढरं की रस्ता, ठेले, माणसं सगळी पुसट दिसत होती. समोरच्या रसवंतीवर दोघं उभे राहिले. काम कसं वाटलं, असं त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो विचारणार, तेवढ्यात तिनंच विचारलं,

"हे कोनं शिकवलं तुमाले?"

"कोनीच नाही वं," रुपराव लाजला. "मी म्हटलं, मले काही येत नाही, कसं करू ते सांगा. तर डायरेक्टर पोरगं म्हणे, काका, काहीच करू नका. घरी जसे राहता तसेच राहा."

रुख्माबाई त्याच्याकडे पाहत राहिली. अडतीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपली तो कोण, हे कळल्याशिवाय तिला आज त्याच्यासोबत घरी जाववणार नव्हतं. बरं, विचारून कळण्यातलं ते नव्हतं. रुपराव कधी खोटं बोलला नव्हता. पण पडद्यावरचाही सबंध सिनेमात एकदासुद्धा खोटं बोलला नव्हता.

रसवाल्यानं गिलास पुढे केला. दोघांत एकच गिलास, ही त्यांची रीत. आधी तो अर्धा पिणार, उरलेला ती. जत्रेत असो की दवाखान्याच्या दारात, इतक्या वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. रुपरावनं फेस फुंकला, गिलास ओठांपर्यंत नेला, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, तो तसाच तिच्यापुढे धरला.

"आज आधी तू घे," तो म्हणाला.

पळावं, असं तिला वाटलं. पळून जायचं तरी कुठं? घर तर त्याचंच.

तिनं गिलास दोन्ही हातांनी घेतला, थेंबही न ठेवता एका दमात पिऊन टाकला, आणि काय होतं ते पाहत तिथंच उभी राहिली.