वास घेतल्याशिवाय खोली नाही

तिसऱ्या हॉटेलातूनही नाकवाली नाकाला रुमाल लावूनच बाहेर आली.

“मेले तरी इथे राहणार नाही.”

“आता काय झालं?” मैत्रिणीने दोन्ही बॅगा पुन्हा उचलल्या.

“उशीला वास मारतोय. जळकं रबर, आणि त्याखाली कुजलेलं मांस. रिमोट इतका चिकट की हात सोडेना. न्हाणीघरात कुणाच्या तरी केसांचा गुंता. शी! माणसं आहेत की कोण?”

मैत्रिणीने घड्याळात पाहिलं. “अजून येतोय वास?”

“गेला. बाहेर आल्यावर गेला.”

मैत्रिणीने पर्समधून एक कार्ड काढून उभ्या उभ्याच काहीतरी खरडलं. ती ग्रंथपाल होती. पुस्तक असो की सहल, तिला सगळं कार्डांवर लागे. रबरबँड लावलेला गठ्ठा कायम पर्समध्ये.

फोटो पाहून खोली ठरवायची नाही, हा नाकवालीचा नियम. फोटोला वास नसतो. बावीस वर्षं ती साबणाच्या कारखान्यात वासाची तपासणी करत होती. तिने हुंगून सही केल्याशिवाय एक वडी दारातून बाहेर पडत नसे. सगळे तिला नाकवाली म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे.

गेल्या महिन्यात मात्र तिने चार वेळा अख्खा माल परत पाठवला. ‘घाण वास’ असा शेरा मारून. मॅनेजरने तोच साबण आणखी तिघांना हुंगायला दिला. तिघांनाही गुलाबाचाच वास आला.

“चार दिवस सुट्टी आहे. कुठेतरी जाऊन या,” तो म्हणाला होता. “मंगळवारी पुन्हा असंच झालं, तर तुम्हाला पॅकिंगला बसवावं लागेल.”

बावीस वर्षांनंतर खोकी चिकटवायची! त्या तिघांची नाकं म्हणजे निव्वळ चष्मा ठेवायची सोय.

दरवर्षी मोठ्या सुट्टीला दोघी कुठेतरी जात, आणि कुठे ते नाकवालीच ठरवी. यंदा मैत्रीण हट्टाला पेटली. याच शहरात जायचं. ना समुद्र, ना डोंगर. एक तळं, एक संग्रहालय आणि रस्ताभर औषधांची दुकानं.

“इथे बघण्यासारखं आहे तरी काय?”

“शांतता,” मैत्रीण म्हणाली. तेवढ्यात एक ट्रक कानाशी भोंगा वाजवत गेला.

दोघी बसथांब्याच्या बाकावर टेकल्या. मैत्रिणीने संत्रं सोललं आणि अर्धं पुढे केलं. नाकवालीने ते नाकाशी नेलं मात्र, तिला मळमळून आलं.

“कुजलंय ते! टाक आधी.”

मैत्रिणीने ते अर्धं परत घेतलं आणि एकेक फोड करून सगळं खाल्लं. रस मनगटावर ओघळला, तो चाटला. बिया हातात थुंकल्या. नाकवाली तोंड फिरवून बसली. या बाईबरोबर आपण वीस वर्षं एका ताटात कशा जेवलो?

“तुला कशाची किळसच नाही ना? मागच्या रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात हाच वास होता. मी आपली गप्प बसले.”

मैत्रिणीचा चेहरा उतरला. पण तिने विचारलं ते भलतंच. “किती वाजता?”

“चहाच्या वेळी. का?”

“असंच.” पुन्हा कार्ड, पुन्हा पेन.

ही गेंड्याची कातडी! नाकवालीने मनाशी ठरवून टाकलं. ही शेवटची सहल. सोमवारी घरी पोचलो की हिला तोंडावर सांगायचं, आता तुझं तू, माझं मी.

“उद्या शनिवारी सकाळी तळ्यावर जाऊ,” ती तुटकपणे म्हणाली.

“दुपारी जाऊ. सकाळी माझं जरा काम आहे. तू पण चल, तासाभराचं तर आहे.”

म्हणजे असं होतं तर. बाईसाहेबांचं काम होतं, आणि सोबतीला फुकटची हमाल हवी होती. म्हणून हे शहर!

चौथ्या हॉटेलात मैत्रिणीने नाकवालीला वर जाऊच दिलं नाही. वास न घेता खोली घेतली, किल्ली घेतली, जिना चढली. वीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला गेला. नाकवाली पाय आपटत मागून गेली. खोलीत वास नव्हता. त्याचाही तिला राग आला.

“पाणी घेऊन येते,” म्हणत मैत्रीण खाली गेली. पर्स पलंगावरच राहिली.

दुसऱ्याच्या पर्सला हात लावायची नाकवालीला शिसारी होती. आत नेहमीप्रमाणे चुरगळलेले रुमाल, बिस्किटांचा चुरा. पण नाकवालीला आता उद्या सकाळीच एकटीने परत जायचं होतं, आणि परतीच्या बसची वेळ हिने लिहिली असणारच. तिने दोन बोटांनी गठ्ठा ओढला आणि रबरबँड काढला.

बसची वेळ नव्हती. बारीक, सरळ अक्षरात तारखा होत्या.

तीन तारीख. बसमध्ये, दुपारी दोन. तिला जळका आणि कुजका वास. मला नाही.

आठ तारीख. तिच्या वाढदिवसाची फुलं. तोच वास, एक मिनिट. मला नाही.

रविवार. माझं स्वयंपाकघर, चहाच्या वेळी. तोच. मला नाही.

आज. तीन हॉटेलं. तिन्हीकडे तोच. मला नाही. संत्रं. सगळं खाल्लं, गोड होतं.

सगळ्यात खाली एक कार्ड होतं, कडेला हाताळून मळलेलं.

शनिवार, सकाळी दहा. मेंदूचे मोठे डॉक्टर. इथे फक्त मोठ्या सुट्टीत येतात. आत शिरेपर्यंत तिला सांगायचं नाही, पळून जाईल.

पेशंट: नाकवाली. सोबत: मी.