हरवलेलं झाकण

आर्विनची बायको जाऊन वर्ष झालं तरी हा गडी अजून तळलेल्या अंड्यांवरच दिवस काढत होता. मला राहवलं नाही. मी त्याला केळ्याचं पुडिंग नेऊन दिलं, तेही माझ्या संग्रहातल्या शंभर वर्षं जुन्या, साच्यात घडवलेल्या नक्षीदार काचेच्या भांड्यातून. आठवड्याने तो भांडं परत घेऊन आला. आमच्या ओहायोच्या रीतीप्रमाणे रिकामं नव्हतं, आत त्याच्या परसातले टोमॅटो होते. पण वर झाकण नव्हतं.

"झाकण कुठंय?"

"अरेच्चा, घरीच राहिलं वाटतं."

"आर्विन, झाकणाशिवाय ते भांडं म्हणजे कुत्र्याला पाणी ठेवायचं वाडगं!"

"मग रविवारी चर्चनंतर ये घ्यायला. कॉफी ठेवतो."

गेले. कॉफी झाली, ॲपल पाय झाला, झाकण काही सापडेना. पुढच्या रविवारीही तेच. असे चार रविवार गेले. माझा नुसता जळफळाट!

पाचव्या रविवारी तो कप विसळत होता. साखरेसाठी मी कपाट उघडलं, तर झाकण समोरच, मऊ टॉवेलात गुंडाळलेलं. मी त्याच्या कडेवरून सवयीने बोट फिरवलं. कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता.

"लोर्ना, दिसलं का गं कुठे झाकण?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

मी ते होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि कपाट हळूच लावलं.

"छे रे! पुढच्या रविवारी शोधू."