फळ्यावरची शेगडी

बालगृहातल्या ताई महिनाभर आम्हा मोठ्या मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवत होत्या. गॅस कसा पेटवायचा, तेही त्यांनी फळ्यावर शेगडीचं चित्र काढून शिकवलं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "ताई, स्वयंपाकघर चार पावलांवर आहे. एकदा खरा गॅस पेटवू द्या की."

"नियम म्हणजे नियम. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीला तिथे पाऊल टाकता येत नाही." आणि वर ताईंनी माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवलं: स्वयंपाकात तरबेज.

मी राग गिळला. "मग उद्या पेटवते. उद्या मला अठरा पूर्ण होतायत."



"उद्या कशी? अठरा पूर्ण झालेल्या मुलीला बालगृहातच पाऊल टाकता येत नाही."