उभा फोटो

स्केट हा चपट्या अंगाचा समुद्री मासा. त्याच्या एकाच जातीत कोणी रुंद असतो, कोणी निमुळता, आणि रुंद असणं हा दोष नव्हे, असं विनतानं प्रबंधात लिहिलं होतं. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक अच्युतराव नातीचं ते लिखाण तपासत होते.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले.

“अच्छा? मग आजोबा, आपल्या समाज मंडळाच्या वधू-वर ग्रुपवर सगळ्या मुलींचे उभे फोटो आहेत. माझाच गळ्यापर्यंत काहून?”

अच्युतरावांनी चष्मा पुसला. “मंडळवाल्यांनी कापला असेल.”

“मी विचारलं त्यांना. ग्रुप चालवणारे पियूष भैया म्हणाले, दादाजी ने ऐसा ही भेजा था.”

अच्युतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. विनतानं आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. “चलो, आता तुम्हीच काढा. डोक्यापासून पायापर्यंत.”

मोबाइल चेहऱ्यासमोर धरून ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. स्क्रीनवर ती केव्हाचीच पूर्ण दिसत होती, तरी ते सरकतच राहिले.

“आजोबा, एवढीही जाडी नाही मी,” विनता म्हणाली. “मागे काहून जाऊन राहिले?”