फोटोपुरतं

"थोडी डावीकडे. हां, आता सायकलला रेल. बघ ताई, डिट्टो तू!"

वडिलांच्या वेळचे मोठाले दिवे लावून फोटोवाला घामाघूम झाला होता. प्रकाशसुद्धा तोच हवा म्हणून त्याने ते मुद्दाम माळ्यावरून उतरवले होते. भिंतीवरच्या जुन्या फोटोत त्याची ताई एकोणीस वर्षांची होती, गोल कॉलरच्या फ्रॉकमध्ये, सायकलला रेललेली. आज त्याची मुलगी एकोणीस वर्षांची होती. अंगात तोच फ्रॉक, शेजारी तीच सायकल. ताईच्या साठीला हा नवा फोटो जुन्याशेजारी लागणार होता.

ताई खुर्चीत बसून बशीतली बिस्किटं फस्त करत होती. तिच्याइतकं घरात कुणी खात नसे आणि तिच्याइतकं बारीकही कुणी नव्हतं. लहानपणी शेजारणी तिच्या आईला विचारत, "पोरीला जेवायला घालता ना हो?" आई बिचारी शरमेने अर्धी व्हायची आणि त्याच वेळी ही पोर आत धाकट्याच्या ताटातलं पळवत असायची. "मेलीच्या अंगाला म्हणून लागत नाही," आई म्हणायची. "जातं तरी कुठे?" कुठे जातं ते भावंडांना पक्कं ठाऊक होतं. थंडीत सगळी आपापले गारठलेले पाय तिच्या पोटाला लावून झोपायची. बाहेर तिला काडी म्हणत, घरात तिचं नाव शेगडी होतं. काय उबदार रात्री होत्या त्या!

"सगळे म्हणतात, आत्यावर गेलीय," फोटोवाला कौतुकाने म्हणाला. "मागच्या वर्षापर्यंत कशी गुबगुबीत होती. एकदम तुझं रक्त वर आलं बघ."

पोरीने मान ताठ केली. हे वाक्य ऐकलं की तिची उंची दोन बोटं वाढायची.

"आता एकच राहिलं. गाल!"

जुन्या फोटोत ताईचा उजवा गाल टम्म फुगलेला होता. वडील "हस" म्हणाले तेव्हा हिच्या तोंडात केक कोंबलेला. त्या दिवशी ते काय भडकले होते, आणि मग तोच फोटो मोठा करून त्यांनी दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावला होता. ते आठवून दोघं भावंडं पुन्हा पोट धरून हसली.

हसत हसतच फोटोवाल्याने ताईच्या बशीतलं बिस्किट उचलून मुलीपुढे धरलं. "हे गालात धर. खाऊ नकोस हवं तर. नुसतं फोटोपुरतं."

पोरीने बिस्किटाकडे पाहिलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.

"त्यापेक्षा हवेने फुगवते ना, बाबा. फोटोत काय कळणार आहे?"

तिने गाल फुगवला. "वा! कोण म्हणेल हवा आहे?" फोटोवाला खूश झाला.

आत्याने हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. "थांब, केस विस्कटलेत हिचे," असं म्हणत ती उठली, पोरीच्या मागे गेली आणि तिथेच थबकली.

मानेपासून कमरेपर्यंत फ्रॉकच्या पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते.

"अगं, आमच्या धंद्यातली युक्ती आहे ती," भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला. "जरा सैल होत होता. पुढून कसा मापाचा दिसतो की नाही?"

हा फ्रॉक आत्याला दंडात काचायचा. दिवसभर सायकल दामटायची, झाडांवर चढायची, हाताला लागेल ते खायची. बारीक होती, पण दंड कसे पीळदार होते. आणि इथे चिमट्यांच्या मधून मणका न् मणका वर आला होता. मानेवर बारीक, फिकी लव उगवली होती. दिव्यांच्या त्या भट्टीत पोरीच्या अंगावर काटा होता. आत्याने तिचा हात धरला तर तो नुसता बर्फ.

तिने पहिला चिमटा काढला. मग दुसरा.

"ताई, काय करतेस? सगळं जमून आलं होतं!"

"तू बघ फक्त," ती म्हणाली.

शेवटचा चिमटा निघाला तसा फ्रॉक खांद्यावरून घसरला आणि गळ्याखालची हाडं उघडी पडली. फोटोवाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. बटणावरचं त्याचं बोट तिथेच राहिलं.

"मी तुझ्यासारखीच आहे ना गं, आत्या?" पोरीने घाईघाईने विचारलं. "सगळे म्हणतात."

"नाही गं, बाळा. तू माझ्यावर नाही गेलीस." आत्याने घसरलेला फ्रॉक तिच्या खांद्यावर ओढून धरला. "मी बारीक होते. तू उपाशी आहेस."

पोरीच्या गालातली हवा कधीच गेली होती. काहीतरी करायचं म्हणून फोटोवाल्याने दिवे बंद करायला हात पुढे केला.

"राहू देत ना, बाबा." पोर दिव्यांकडे सरकली. "बरं वाटतं. मला थंडी वाजते हो. सारखीच वाजते."

त्याने हात मागे घेतला. शेगडीने पोरीला जवळ ओढलं, तिला घेऊन तिथेच फरशीवर बसकण मारली आणि तिचे दोन्ही पाय उचलून आपल्या पोटाला लावले.